एकनाथरावांचं जपानी सॉफ्टवेअर

नल्लकुंट्याचे एकनाथराव वाघाला भ्याले नसते, पण पुणेकर दिसला की त्यांची बोबडी वळे. लग्नाकार्यात एखादी पुणेरी बाई गाठ पडायची, "अय्या, हैदराबादेत राहूनही मराठी बरं बोलता की तुम्ही!" असं कौतुक करायची आणि त्यांचा पुढचा आठवडा नासवून जायची. घराणं निजामी मुलखातल्या शेतकऱ्यांचं. मराठी त्यांनी कुठून आणली नव्हती, ती घरचीच होती. पण हे उत्तर त्यांना सुचायचं घरी आल्यावर, चपला काढताना.

पुढे देशाने परदेशी मालाला दारंखिडक्या उघडल्या आणि वरपक्षांचे प्रश्न बदलले. आधी विचारत, मुलीला गाणं येतं का, लोकरीचं विणकाम येतं का. आता विचारू लागले, कम्प्युटर येतो का. काचीगुड्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हेडक्लार्क असलेल्या एकनाथरावांना हे वारं बरोबर कळलं. धाकट्या लेकीची, प्रणिताची, बी.एस्सी. संपत आली होती. एके दिवशी ते आबिड्सच्या बाजारातून ऑटोत मॉनिटर मांडीवर घेऊन आले. बायकोने, सत्यवतीबाईंनी, त्याला हळदकुंकू लावलं आणि झालरीचा अभ्रा शिवला. पाय धुतल्याशिवाय कोणी त्याच्याजवळ जायचं नाही, असा हुकूमही सुटला.

दुकानदाराने एक सीडी फुकट दिली होती. "जापानी है साब, एकदम नया." ती लावली, तर पडद्यावर मांजरीचे कान आणि शेपट्या लावलेल्या पोरी, आखूड झगे घालून एकमेकींना लाथा मारतायत, बोचकारतायत. चित्रं सगळी ठोकळ्या-ठोकळ्यांची, दहा वर्षांपूर्वीची वाटावीत अशी. अक्षर एकही वाचता येईना.

"अहो, हे काय?" सत्यवतीबाई म्हणाल्या.

घरच्या कर्त्याने 'माहीत नाही' म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती. "जपानी सॉफ्टवेअर," एकनाथराव म्हणाले. "त्यांची शिकवायची रीतच अशी असते." आणि ते स्वतःच्या सांगण्यावर विश्वास ठेवून बसले. ज्यांनी एवढी घड्याळं आणि मोटारी केल्या, ते जपानी काही फालतू करतील हे त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

हा निव्वळ मारामारीचा खेळ आहे हे प्रणिताला संध्याकाळपर्यंत कळलं आणि ती शहाणी मुलगी गप्प बसली. त्यातली पांढरी मांजर तिने आपली मानली, तिचं नाव ठेवलं मनी. मग गल्लीतली पोरं खेळायला आली, आत्याची मुलं आली आणि झाडून सगळी हरून गेली. एकनाथराव ऑफिसातून येत आणि हातातला डबाही न ठेवता तिच्या पाठीमागे उभे राहत. "हाण बेटा, हाण!" असं कोण ओरडत होतं हे त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी कानावर हात ठेवले असते. 'अभ्यास झाला का' यापलीकडे बाप-लेकीत कधी बोलणं नव्हतं. आता होऊ लागलं, आणि त्यांना ते फार आवडत होतं.

अशात अनिकेतचं स्थळ आलं. मूळ पुण्याचं, मुलगा हैदराबादेतच सॉफ्टवेअरमध्ये. हे एक जमलं की जन्मात कोणी आपल्या मराठीचं कौतुक करणार नाही, असं एकनाथरावांच्या मनाने घेतलं. ते आरशासमोर 'हौ'च्या जागी 'हो' म्हणायचा सराव करू लागले.

पाहुणे आले. मुलाची आई उषाताई पोह्यांकडे बघून म्हणाल्या, "वेगळेच आहेत हं." वडील उदयरावांनी एक घास खाऊन बशी बाजूला सरकवली, ते त्याहून वाईट. मग प्रश्न आला, "मुलीला कम्प्युटर येतो म्हणालात?"

"हौ... हो, हो! प्रणिता, ते जपानी सॉफ्टवेअर दाखव."

प्रणिताने बापाकडे पाहिलं, पण त्यांनी स्वतःच अभ्रा ओढून काढला होता. पडद्यावर मांजरपोरी अवतरल्या. उषाताईंचा चमचा बशीत थांबला.

अनिकेत मोठ्याने हसला. "अहो काका, हा गेम आहे! जपानमधली दोन-चार पोरं घरी बसून असले गेम करतात. होस्टेलवर आम्ही खेळायचो." एकनाथरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अनिकेतने खुर्ची ओढली आणि पहिल्याच भेटीत तो 'तू'वर आला. "चल, एक डाव. घाबरू नको, सांभाळून खेळतो मी."

पाच-सहा फटक्यांत मनीने त्याची मांजर भिंतीला लावली. अनिकेतचं हसू आटलं. उषाताई खाकरल्या. एकनाथरावांच्या डोळ्यांसमोर स्थळ निसटून चाललं होतं. त्यांनी मुलाच्या पाठीमागून लेकीकडे बघत मान हलवली आणि पंजा हळूच खाली दाबला. म्हणजे, हरून जा.

प्रणिताने ते पाहिलं. तिची बोटं सैल पडली. मनी नुसती उभी राहून मार खात गेली आणि आडवी झाली.

"वाईट नाही खेळत," अनिकेत म्हणाला. "बोटं जरा चालवायला हवीत. शिकवीन मी."

"मुलीने असंच समजुतीने घ्यावं," उषाताई प्रसन्न झाल्या. "आम्हाला मुलगी पसंत आहे."

सत्यवतीबाई साखर आणायला धावल्या. एकनाथरावांनी मागितलं होतं ते सगळं पदरात पडलं होतं. पण प्रणिता खाली मान घालून बसली होती, आणि ती काही केल्या त्यांच्याकडे बघेना. तिला हरताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज हरायला त्यांनीच लावलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की समोर पुणेकर बसलेत हेसुद्धा ते विसरले.

"साखर राहू दे गे," ते बायकोला म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळले. "तुम्ही पसंत केली ती दुसरीच कोणीतरी हाय. आमची पोरगी तुम्ही अजून बघितलीच नाही. बेटा, आता बराबर खेळ."

प्रणिताने खुर्ची पुढे ओढली.