पेब म्हणा की!

लग्नानंतर दोनच महिन्यांत आम्ही नेरळला बिऱ्हाड केलं. यांची तिथल्या शाळेत बदली झाली होती. मी साताऱ्याकडची, समोरचे डोंगर मला सगळे सारखेच दिसत. हे मात्र दर रविवारी एखाद्यावर चढून येत.

त्या रविवारी विकटगडाला जातो म्हणून गेले. सोबत शाळेतले ड्रॉइंगचे सर. अकराच्या सुमारास सर एकटेच दारात उभे. शर्ट फाटलेला, घामाघूम.

"वहिनी, घाबरू नका. पाय दुखावलाय, टेकवत नाही. वर गुहेत बसवून आलोय. उतरताना माझी वाट चुकली, आता कुठून चढायचं तेच कळेना."

मी चपला अडकवून तशीच निघाले. डोंगराच्या पायथ्याशी भातकापणी चालली होती. तिथं विचारलं, "विकटगडाची वाट कुठली हो?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एक बाप्या म्हणाला, "असा गड नाय इकडं." सरांनी खिशातला नकाशा उलगडून बोट ठेवलं. त्यानं ते अक्षर लावून वाचलं. "लिवलंय खरं, पण आमी कधी आयकलं नाय."

मला रडू फुटलं. तशी एक म्हातारी विळा ठेवून जवळ आली. "रडू नको गं. वर काय काय बघितलंस रं, ते सांग."

सर म्हणाले, "मोठी गुहा आहे. पलीकडे माथेरान दिसतं."

"मग पेब म्हणा की! पेबीआईचा डोंगर!" ती हसायलाच लागली. "ह्यो काय समोर. चार येळा चढलेय मी, पोटुशी असतानासुदिक."

लगेच चार गडी कांबळं आणि बांबू घेऊन सरांसोबत निघाले. म्हातारीनं मला बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि परत कापायला लागली. मी डोंगरावरची नजर हलवली नाही.

ऊन कलल्यावर झाडीतून आधी हसणं ऐकू आलं. मग झोळी दिसली आणि झोळीत हे, गड्यांना कसला तरी किस्सा सांगत. यांच्या डोळ्यांवर चष्मा दिसेना. "चष्मा कुठंय?" एवढंच विचारलं.

"आहे, खिशात."

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. हाड शाबूत होतं. सरांनी शेजारच्या हॉटेलातून गरम भजी आणली आणि आम्ही तिघांनी दवाखान्याच्या पायरीवर बसून ती संपवली.