हातोडाबाईंची ऑडिट फाईल

बाईंच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीशेजारी दोन किलोचा हातोडा असायचा. कॉम्प्युटरची माहिती साठवायच्या टेपा निकामी झाल्या की बाहेर टाकण्याआधी फोडायच्या, हा आमच्या कंपनीचा नियम, आणि ते काम बाईंनी कधी कुणाला दिलं नाही. काळ्या चौकोनी टेपा फरशीवर ओळीनं मांडायच्या, पदर खोचायचा आणि एका घावात एक फोडायची. प्लास्टिकचे तुकडे कपाटांवर उडायचे. ‘‘नीट मारावं,’’ त्या म्हणत. ‘‘अर्धमेली टेप बाहेर जाऊन बोलते.’’ पाठीमागे सगळे त्यांना हातोडाबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मी किनवटकडची. नववीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या एका फटक्यानं डावा कान गेला. दुसरा जायच्या आत मी पुण्याची गाडी पकडली. येरवड्याच्या या टेपखोलीत कामाला घेताना बाईंनी शिक्षण विचारलं. मी घाबरत नववी म्हटलं. ‘‘आकडे वाचता येतात ना? इथल्या इंजिनिअरांनाही तेवढंच येतं.’’ मग मी कानाचंही सांगितलं. त्या दिवसापासून बाई माझ्या उजव्या बाजूला उभ्या राहून ओरडू लागल्या.

कुठली टेप भरलेली, कुठली कोरी, हे मेनफ्रेममधली, म्हणजे कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरमधली, कॅटलॉग फाईल सांगते. तिच्या जोडीला ऑडिट फाईल असते. कुणी, कधी, काय बदललं ते तिच्यात उमटतं. बाई आपल्या पद्धतीनं शिकवत. ‘‘कॅटलॉग म्हणजे प्रेत कुठे पडलंय ते. ऑडिट म्हणजे खुनी कोण.’’ नोंद चुकली की हातातलं रजिस्टर फेकून मारत. एका इंजिनिअराची भुवई फुटली होती. हळद बाईंनीच दाबली. ‘‘आता विसरणार नाहीस,’’ म्हणाल्या.

मग नव्या टेपा आल्या आणि जुना कॅटलॉग अपुरा पडला. एका रविवारी बाईंनी स्वतः बसून मोठा कॅटलॉग आणि त्याची नवी ऑडिट फाईल बांधली. चौतीस हजारांपासून पुढचे क्रमांक कोरे म्हणून घालायचे होते.

सोमवारी सकाळी कोऱ्या टेपेसाठी स्क्रीनवर जो नंबर आला, ती टेप मी लावली. दुपारी कळलं, ती भरलेली होती. लोकांच्या विम्याच्या दाव्यांवर दुसरंच काही लिहिलं गेलं होतं.

बाई कपाटांमधून आल्या आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मी कपाटावर आदळले, टेपा अंगावर कोसळल्या. डाव्या कानात पुन्हा नवऱ्याच्या फटक्यानंतरची तीच शिट्टी.

‘‘भरलेली टेप लावलीस? डोळे कुठे होते?’’

‘‘हिला आजच मोकळी करा,’’ दारातून साहेब म्हणाले आणि फोनवर बोलत दारातच पाठमोरे झाले. मला किनवटची गाडी दिसली. नवरा स्टँडवर उभा दिसला.

‘‘थांबा. आधी ऑडिट बघते,’’ बाई म्हणाल्या.

मी खालच्या टेपा गोळा करत होते. पडद्यावर आकडे सरकले आणि थांबले. तेहतीस हजारांपासून कोऱ्या. पुढे जो कोड होता, तो मी रोज बाईंच्या ओळखपत्रावर वाचत असे. हजार भरलेल्या टेपा बाईंनीच कोऱ्या ठरवल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑडिट फाईल पुन्हा नव्यानं बांधली की आधीच्या ओळी पुसल्या जातात. दोन मिनिटांचं काम, आणि ते फक्त बाईंना येत होतं.

त्यांनी कागद छापला. टेबलावरचा हातोडा उचलला आणि खिळा ठोकून तो कागद दारावर लावला. तिसऱ्या घावाला दाराची फळी चिरली.

‘‘वाचा, साहेब. तेहतीसपासून घातल्यात. मी.’’

‘‘अहो बाई, हे आपल्या आपल्यात...’’

‘‘लेखी आहे. हिला हात लावायचा नाही.’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘मार मला.’’

माझा हात उचलला गेला नाही. मला राग आला नव्हता असं मात्र नाही.

आठवड्यात बाईंची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी त्या मला सदाशिव पेठेत कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. रांगेत घुसणाऱ्या एकाला कोपरानं ढकललं. डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं?

‘‘पहिला फटका नवऱ्याचा, दुसरा माझा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दोन्ही लिहून घ्या.’’

आता हातोडा माझ्या टेबलावर असतो. टेपा मी एका घावात फोडते. माणसावर हात टाकत नाही. दार बदललं, तेव्हा तो खिळा मी नव्या दारात ठोकून घेतला. आदल्या दिवसाचं ऑडिट रोज त्याला लटकतं. माझ्या कोडाच्या ओळी सगळ्यात वर.