सोपानरावांचा उजवा डोळा

बावीस वर्षं मी निघोज्यातल्या वर्कशॉपात लेथवर आहे, आणि बावीस वर्षं सोपानराव माझं काम तपासतायत. माझा शाफ्ट कुणी वाकडा म्हटलेला मला खपत नाही. पण त्या सोमवारी त्यांनी एकामागून एक अकरा शाफ्टवर लाल खूण मारली, आणि माझं डोकंच फिरलं.

त्यांची रीत जुनी. पोलादी पट्टी शाफ्टवर ठेवायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने मधली फट बघायची. डायल गेज नंतर, तेही आमच्या समाधानासाठी. "डायल फसतो, डोळा फसत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं. म्हातारा सहासष्टचा, बिडी काही सुटेना, पण नजर घारीची, म्हणून तर मालकांनी अजून सोडला नव्हता.

मी डायल लावला. शाफ्ट फिरवला, काटा हलेना, म्हणजे शाफ्ट सरळ. म्हणे डायल बिघडलाय. दुसरा आणला, तोही तसाच. तरी ऐकेनात. मग मी चिडून त्यांची पट्टीच त्यांच्यासमोर धरली, म्हटलं, आता हीच तपासा. त्यांनी डावा डोळा मिटला आणि म्हणाले, हीबी वाकली. मी म्हटलं, आता उजवा मिटून बघा. बघितलं, आणि राव, माणूस मटकन स्टुलावर बसला. डाव्याने पट्टी सरळ होती.

चिंचवडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वयामुळे होणारा आजार आहे, पडद्याच्या मधोमध नको त्या नाजूक नसा वाढून गळतायत. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, सुरुवातीला दर महिन्याला, आणि लगेच. गेलेली नजर परत येईलच असं नाही, उरलेली वाचवायची.

आमच्या सोपानरावांना मात्र आधी कारण हवं! तपासणाऱ्याची खोड ती, कारण लिहिल्याशिवाय रिजेक्शनची चिठ्ठी फाडायची नाही. बाईंनी सांगितलं, वय असतं, बिडी असते, घराण्यातूनही येतं. पण एकाला का होतं आणि दुसऱ्याला का होत नाही, हे पुरतं अजून कुणाला उमगलेलं नाही, जगभर शोध चालू आहे. झालं. मूळ सापडू दे, मग सुई, म्हणून हा माणूस उठून चालता झाला.

चार दिवस मला काम सुचेना. जॉब लावताना सारखं वाटायचं, हा इकडे अडून बसलाय आणि तिकडे आत गळतंय. रागही यायचा आणि भीतीही वाटायची. पाचव्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन भांडलोच.

"मशीनचा पाइप फुटला तर तुम्ही आधी कारण लिहिता, का कॉक बंद करता?"

ते उठले. मग चपला शोधायला लागले.

तीन इंजेक्शनं झाली. काल त्यांनी त्या अकरांतला एक शाफ्ट मागितला. मी तो रागाने कपाटात ठेवून दिला होता. त्यांनी पट्टी ठेवली, डावा डोळा मिटला.

"वाकडा दिसतोय," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच डायल लावला, डाव्या डोळ्याने काटा बघितला आणि फडक्याने लाल खूण पुसायला घेतली.

"दिसतोय म्हणलो, फारूक. हाय म्हणलो न्हाई."