ओला आवाज

रिटायर झाल्यावर लोक यात्रेला जातात, गावाला घर बांधतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून दुसऱ्यांचं डोकं खातात. मला यातलं काहीच नको होतं. मला एक आवाज हवा होता, आणि तो माझ्या हातून निघायला हवा होता.

कॉलेजात असताना अंधेरीला एका मित्राकडे कॅसेटवर ऐकला होता तो. सर्फ गिटार म्हणतात. तिकडे अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोरं फळ्या घेऊन लाटांवर चढायची, त्यांच्यासाठी वाजवलेली गिटार. शब्द नाहीत, गाणारा नाही, नुसती गिटार, आणि तीही ओलीचिंब. ओलीच म्हणतो मी, मला दुसरा शब्द सापडलेला नाही. तळहाताची कड तारांवर दाबून सूर मारला की टक् न होता टपक् होतं, आणि मागे खोलवर काहीतरी हलत राहतं. मी त्या दिवशी जेवलो नाही. मग नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि गिटार कपाटावर चढली ती चढलीच.

नोकरी मरोळला, प्रेस शॉपमध्ये. पत्र्याला साच्यात ठोकून वस्तू काढायच्या. दिवसभर धाडधाड. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्यानेच माझी वाट लावली.

रिटायर झालो आणि मुलुंडच्या घरात आतल्या खोलीत दुकान मांडलं. वॉल्व्हचा जुना अँप्लिफायर मिळवला, आणि त्याला जोडायला रिव्हर्ब, म्हणजे सूर मागे घुमत ठेवणारं यंत्र. हल्ली रिव्हर्ब मोबाइलमध्येसुद्धा मिळतो, पण तो सपक. खरा रिव्हर्ब म्हणजे टिनाची लांबट पेटी आणि आत ताणलेल्या स्प्रिंगा. गिटारचा आवाज त्या स्प्रिंगांमधून थरथरत जातो, म्हणून ओला होतो. पेटीखाली स्पंज घातला, गिटारला जाड तारा चढवल्या, सगळं पुस्तकात लिहिलेलं असतं तसं केलं, आणि वाजवलं.

कोरडं! भिंतीवर खिळा ठोकावा तसं.

मग मी एकेकाला धरलं. आधी स्प्रिंगा, खाऱ्या हवेत गंजल्या असणार, बदलल्या. मग वॉल्व्ह, विकणाऱ्याने गंडवलं असणार, बदलले. मग लाइटचा व्होल्टेज, मग तारा, मग तारांचा आवाज पकडणारा गिटारचा पिकअप. मागवलेली वस्तू यायची, दोन दिवस आशा वाटायची, आणि पुन्हा तेच खिळे. रिव्हर्बचं बटण चढवत गेलो, वरचे सूर वाढवणारा ट्रेबल पार शेवटाला नेला. खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन म्हणाल्या, "काका, काचा फुटतील हो आमच्या." मी मनात म्हटलं, बाईंना संगीत कळत नाही.

आमची ही मूळची मालवणची. एरवी माझ्याशी साधं मराठी बोलते, पण डोकं फिरलं की मालवणी सुटते. एके दुपारी ती पोळपाट-लाटणं टाकून दारात आली. मी वाजवत होतो. ती काहीतरी बोलली. मी म्हटलं, "काय?" ती पुन्हा बोलली. मी पुन्हा, "काय?" मग ती जवळ आली, अँप्लिफायरचं बटण खटकन बंद केलं आणि माझ्या तोंडासमोर म्हणाली, "अहो, अँपाक काय झाला नाय. तुमका आयकाक येना नाय!"

राग आला मला. इतका राग, की संध्याकाळचा चहा घेतला नाही. पण वाजवायलाही बसलो नाही, कारण पोटात कुठेतरी कळलं होतं.

कान तपासायला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले, हातात एक बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. सुरुवातीला जाड शिट्ट्या आल्या, दाबलं. मग काही येईना. मी बटण धरून बसलो. बसलो, बसलो, शेवटी काचेतून त्या तपासणाऱ्या मुलीला खुणेने विचारलं, मशीन चालू आहे ना? तिने मान हलवली. शिट्ट्या वाजतच होत्या.

"काम कुठे करायचात?" तिने विचारलं. सांगितलं. "मग कानात काही घालत नव्हतात?"

आता तिला काय सांगणार! आमच्याकडे कानात बोळे घालणारा म्हणजे कच्चा गडी. साचा बोथट झाला, पत्रा तिरका गेला, की ठोक्याचा आवाज बदलतो, आणि तो ज्याला ऐकू येतो तोच खरा कारागीर. कंपनीने दिलेले बोळे आम्ही खिशात ठेवायचो आणि साहेब दिसला की लावायचो. माझा कान तर अख्ख्या खात्यात तिखट म्हणून नावाजलेला. लांबून सांगायचो, तिकडच्या प्रेसचा साचा गेला म्हणून. लोक म्हणायचे, मान गये उस्ताद. त्या तिखट कानाचं त्याच कानाने वाटोळं केलं. कोणावर चिडू? हसायलाही येईना.

कानाचं यंत्र मिळालं. पहिल्या दिवशी ते लावून दारात शिरतो तोच कुकरची शिट्टी ऐकून दचकलो. बायकोच्या बांगड्या वाजतात हे पुन्हा कळलं. वाटलं, झकास, आता जमलं! बूटसुद्धा न काढता आत गेलो आणि गिटार लावली.

आणखीनच कोरडं. सूर मारला की लगेच कोणीतरी गळा दाबल्यासारखा बंद.

पुन्हा त्या मुलीकडे. ती समजुतीने म्हणाली, "काका, हे यंत्र माणसांचं बोलणं कळावं म्हणून असतं. मागे रेंगाळणारा आवाज ते गोंगाट समजतं आणि कापून टाकतं." म्हणजे मला हवी होती तेवढीच गोष्ट! मी म्हटलं, बंद कर ते कापणं. तिने केलं. तरी फक्त कर्कश झालं, ओलं नाही. मग तिने खरं ते सांगितलं. वरच्या सुरांची जागा कानात उरलेलीच नाही, आवाज कितीही मोठा केला तरी तो पोचणार नाही. मी विचारलं, कधीच? ती म्हणाली, "सॉरी काका."

कितीतरी दिवस त्या खोलीत गेलो नाही. कशाला जायचं? आयुष्यभर दुसऱ्यांच्या साच्यांचे आवाज ऐकले, आणि स्वतःसाठी एकच ऐकायचा ठेवला होता.

मग एका रविवारी हीच म्हणाली, "चला, मी ऐकते. मला सांगा काय फिरवायचं ते." मी काहीच शिकवलं नाही. म्हटलं, नुसतं बटण फिरव, काही वेगळं वाटलं तर बोल. ती अँपजवळ पाटावर बसली. मी तळहात दाबून एकच सूर मारत राहिलो. ती "नाय... नाय..." करत, मी चढवून ठेवलेलं सगळं उतरवत खाली आणत गेली.

अचानक तिने हात काढला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अगो बाय! बावीत कळशी सोडली काय येता, तसो आवाज."

विहिरीत कळशी! तारा छेडायची पिक हातातून सुटली माझ्या. आला होता. माझ्या घरात, माझ्या हातून, तोच.

पिक उचलली आणि पुन्हा मारला. मला प्लॅस्टिक तारेवर आपटल्याचं ऐकू आलं, बाकी काही नाही. तारांवर हात ठेवून त्या थांबवल्या आणि तिला विचारलं, "संपला?"

ती डोळे मिटून बसली होती. हातानेच मला गप्प केलं.

"अजून येता," म्हणाली.