स्टेंटच्या दिवशी प्यायलेली पेज

ज्या सकाळी माझ्या पोटात स्टेंट घालायचा होता, त्या सकाळी मी वाटीभर पेज पिऊन हॉस्पिटलात गेलो.

स्वादुपिंडाला सूज येऊन त्याच्याभोवती पाणी साचलं होतं. ते जठराला असं दाबायचं, की दोन घासांतच पोट गच्च. तोंडातून दुर्बीण घालायची, जठराला भोक पाडून तिथे छोटी नळी ठेवायची, की पाणी जठरात निचरून जाईल, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. त्या तारखेसाठी मी महिनाभर कळा सोसल्या. आमच्या कट्टा गावाहून पहाटे गाडी करून गोवा गाठला.

नर्सने विचारलं, "काही खाल्लंत?"

"छे! कडक उपाशी. निघताना पेज घेतली, तेवढीच."

तिने फाईल मिटली. बेशुद्धीत पोटातलं फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतेल, म्हणाली. आता पुढच्या आठवड्यात या. मी वैतागून वाद घातला. पेजेला खाणं म्हणणारी माणसं मला जन्मात पहिल्यांदाच भेटत होती. आमच्याकडे पेज पिऊन झाल्यावर माणूस विचारतो, खायला काय आहे?

शेवटी मी आधारासाठी बायकोकडे बघितलं. ती नर्सलाच म्हणाली, "डॉक्टर ह्येच्या पोटातला पाणी काढूक बसलेत, आणि हो माणूस घराकडसून आणखी भरून इलो!"