मटार सोलणारी

माझा मामा आयुष्यभर चित्रं काढत राहिला, पण त्याचं नाव झालं ते पत्रांमुळे. तेही त्याला न विचारता.

त्याची चित्रं एक दलाल घेऊन जायचा. मोठ्या रस्त्यावर त्याचं काचेच्या दर्शनी भागाचं दुकान होतं. त्याच्यासमोर मामाची दातखीळ बसायची, म्हणून जे काय सांगायचं ते तो घरी बसून लिहायचा. टाक, काळी शाई, आणि अक्षर असं की मजकूर बाजूलाच राहावा, माणसानं नुसत्या वेलांट्या बघत बसावं.

मग मामीनं अंथरूण धरलं. उठून बसली तरी धाप लागायची. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, ते मटार सोलतानाचं माझं चित्र परत आणा ना. त्यात मी बरी दिसते."

मामानं लगेच पत्र टाकलं. उत्तर नाही. एवढ्या पसाऱ्यात दलालाला नेमकं चित्र आठवत नसेल, असं वाटून पुढच्या पत्राच्या कडेला त्यानं ते छोटंसं काढून दाखवलं: मांडीवरची टोपली, सोललेल्या शेंगा, मामीची वाकलेली मान. तरी उत्तर नाही. दर पत्रात ती आकृती मोठी होत गेली, आणि मजकूर चार ओळींवर आला.

"पत्रं कसली धाडताय?" मामी वैतागायची. "जाऊन काखेत मारून आणा की!"

एकदा गेला. नोकर म्हणाला, साहेब बाहेरगावी गेलेत. मामा खिशातलं पत्र त्याच्या हातात ठेवून परत आला. तो तसाच होता. चित्राची वाट बघताबघताच मामी गेली.

वर्ष उलटलं आणि दुकानातून छापील निमंत्रण आलं. मी मामाबरोबर गेले. आत भिंतभर त्याचीच पत्रं, सोनेरी चौकटीत. बऱ्याच चौकटींखाली विकल्याचा लाल ठिपका. माझ्या शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "हे जेवणाच्या खोलीत छान दिसेल."

मी ते वाचलं. 'आज तिनं दोनदा विचारलं. कृपा करून चित्र पाठवा.'

दलालानं येऊन मामाला मिठीच मारली. "छुपे रुस्तम निघालात! चित्रं पडून राहतात हो तुमची, पत्रं मात्र हातोहात गेली."

"वाचलीत?" मामानं विचारलं.

"वाचायचं काय त्यात? रेघ बघा, रेघ! लिहीत राहा. फक्त विषय तोच असू द्या, लोकांना ती बाई आवडलीय."

मामा एक पाऊल पुढे सरकला. मला वाटलं, आता थोबाडीत देतो. पण तो एवढंच म्हणाला, "मूळ चित्र कुठंय?"

दलालानं नोकराकडे बघितलं. नोकर आम्हाला मागच्या गोदामात घेऊन गेला. तिथली खिडकी फुटली होती आणि पाऊस आत येऊ नये म्हणून तिच्यावर एक कॅनव्हास खिळे मारून ठोकला होता. रंगाची बाजू बाहेर.

"फालतूतलंच घेतलं होतं, साहेब," नोकर चाचरत म्हणाला.

मामानं पक्कड मागितली आणि एकेक खिळा उपटला. मी मदतीला हात पुढे केला तर खेकसला, "तू लांब हो!" दलाल दारापर्यंत आला होता. त्याच्याकडे न बघता मामा चित्र काखेत मारून बाहेर पडला.

घरी आल्यावर त्यानं ते टेबलावर पसरलं. मामीचा चेहरा वाहून गेला होता, मान तेवढी ओळखू येत होती. मी भीत भीत म्हटलं, "मामा, चेहरा परत काढता येईल की. पत्रांत तर किती वेळा काढलास."

"पत्रांतली ती त्या दलालाला दाखवायला काढली होती," तो म्हणाला. "तीच आता डोळ्यांसमोर येते. खरी येत नाही."

त्यानंतर त्यानं कुणालाच पत्र लिहिलं नाही. माझ्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नावसुद्धा दुसऱ्याकडून घालून घेतलं.