डाव्या स्पीकरमधले हसणे

आर्वीतल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत एकच खुर्ची आहे. समोर दोन उंच स्पीकर आहेत आणि दोन्हींपासून खुर्चीचे अंतर सारखे आहे. ते मी टेपने मोजून घेतले आहे. स्टीरिओचा आवाज नीट जुळतो तो याच जागी. खुर्ची हातभर सरकली की मधोमध उभा असलेला वादक एका स्पीकरमध्ये जाऊन बसतो. दुसरी खुर्ची ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि पत्नीने ती कधी मागितलीही नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात, डाव्या स्पीकरच्या बाजूला, पाटावर बसून लसूण सोलायची.

मी नागपूरच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. आठवड्यातून एक दिवस घरी यायचो. टर्नटेबल, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, स्पीकर हे एकेक करून बऱ्याच वर्षांत जमले. रेकॉर्डी बहुतेक जाझच्या, परदेशातून मागवलेल्या, जाड, आवाजाच्या स्वच्छतेसाठी खास काढलेल्या. गावात हे संगीत ऐकणारा दुसरा कोणी मला भेटला नाही. मी शोधलाही नाही.

"इतका वेळ झाला, गाणं तं म्हणतच नाई कोणी," पत्नी म्हणायची. "म्हणन कोणी कधी तरी, म्हणून बसली आहो मी."

यातली एक रेकॉर्ड छोट्या क्लबात, श्रोत्यांसमोर केलेली आहे. पियानो, बास आणि ड्रम. दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी बाकीचे दोघे थांबतात आणि बास एकटा वाजतो. मी ती जागा कित्येक वर्षे ऐकत होतो. एकदा दारातून आवाज आला, "आयका, थे बाई हासली."

मी म्हटले, कोणी हसलेले नाही. मग सुई मागे नेली. एक ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ डावीकडे एक बाई हसली. अगदी थोडे, दाबलेले.

"कोनावर हासली असन?"

"मला काय माहीत."

"नवऱ्यावरच असन. आनलं असन तिले वढून."

त्यानंतर ती जागा आली की पत्नी लसूण सोलायची थांबून माझ्याकडे बघायची.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती गेली. आजार अकरा दिवसांचा होता. पुढच्या वर्षी मी निवृत्त होऊन इथे कायमचा आलो. मागच्या अंगणात चिखल होत असे, म्हणून तिथे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले.

या उन्हाळ्यात स्पीकरमधून घरघर येऊ लागली. एप्रिलनंतर इथे कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलर सुरू असताना रेकॉर्ड ऐकता येत नाही. म्हणून सकाळी सहाच्या आधी कूलर बंद करायचा, एक बाजू ऐकायची आणि पुन्हा सुरू करायचा, असा माझा नियम आहे. कूलर थांबला की पहिल्यांदा ती घरघर ऐकू येई. बास एकटा वाजू लागला की ती आणखी वर येई. ग्लास कसाबसा कळायचा. बाईचे हसणे गेले होते.

मी केबल बदलल्या, व्हॉल्व्ह बदलले, प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिले. नंतर कानांचा संशय आला. वर्ध्याला जाऊन तपासून घेतले. कान वयाच्या मानाने ठीक होते. पत्नीच्या आवाजाचे एकही रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. एवढी यंत्रे घरात होती, पण तिचा आवाज टिपून ठेवायचे सुचले नाही. ते हसणे आले की "आयका" हा तिचा शब्द मला तिच्याच आवाजात आठवायचा. महिनाभरात तो अंधुक होत चालला होता. मला ते हसणे परत हवे होते.

एका सकाळी अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. मी इलेक्ट्रिशियनला बोलावले. आमच्या घराचे वायरिंग त्यानेच केलेले. आता तोही पन्नाशी ओलांडलेला आहे. त्याने होल्डरमधल्या बल्बची एक वायर फेजला लावली आणि दुसरी अर्थिंगला. बल्बमध्ये फक्त तार लाल झाली.

"पाहा काका. भकभक पेटाले पायजे हा. अर्थिंग गेली तुमची. खड्डा कुठी आहे?"

मला माहीत नव्हते. तो मागे गेला आणि ब्लॉककडे बघत उभा राहिला.

"अरे बाप्पा! बुजवला काऊन तुमी?"

त्याने समजावून सांगितले. जमिनीत पाइप आहे, भोवती मीठ आणि कोळसा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपला सोडते. ती ओली ठेवावी लागते, नाहीतर अर्थिंग सुटते आणि स्पीकर घरघरू लागतो.

"काकूले सांगतलं होतं म्या. उन्हाळाभर रोज एक बालटी. भांड्याचं शेवटचं पानी चालते."

"ती टाकायची?"

"टाकायची म्हंजे? रस्त्यात थांबवून इचारे मले. 'मी दोन दिवस समुद्रपूरले चालली, नाई टाकलं तं चालते का?' म्या म्हनलं, काकू, रेडिओच आहे थो, लेकरू नाई. तं म्हने, 'तुले नाई समजत.'"

हे तिने मला कधी सांगितले नाही. स्वच्छ आवाजाचे श्रेय मी परदेशी केबलला देत होतो. भेटेल त्याला तसे सांगतही होतो.

त्याने चार ब्लॉक काढले, मीठ-कोळसा भरला. "एका दिसात नाई होत," म्हणाला. "टाकत राहा."

मी रोज संध्याकाळी बादली ओतू लागलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारले, "भाऊजी, काय लावलं तिथं?"

"काही नाही. अर्थिंग आहे."

"बरं. उगवलं तं सांगजा."

घरघर दिवसागणिक खाली गेली. नवव्या सकाळी कूलर बंद केला तेव्हा खोलीत काहीच आवाज नव्हता. मी रेकॉर्डची दुसरी बाजू लावली आणि खुर्चीत न बसता दारात पाट टाकला. तिथे मी कधी बसलो नव्हतो. तिथून उजवा स्पीकर जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणजे पियानो नाहीच. बास येतो, ग्लास येतात, कोणीतरी खुर्ची ओढतो, कोणी खोकतो. इतकी वर्षे तिने हेच ऐकले होते.

बास एकटा झाला. ग्लास ठेवला गेला आणि बाई हसली, हातभर अंतरावर. मी खुर्चीकडे पाहिले.

बाजू संपल्यावर सुई उचलली, कूलर लावला. रात्रीची भांडी पडली होती. ती घासली आणि शेवटचे पाणी बादलीत काढून ठेवले.